बाकावरचा शेजारी

मराठीत आपण म्हणतो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कन्नडमध्ये तीच गोष्ट जरा कडक शब्दांत आहे : सहवासदोषदिंद संन्यासी केट्ट. संगतीच्या दोषाने संन्यासीसुद्धा बिघडला! आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात. त्यामुळे मुलांना दोन्ही म्हणी ऐकाव्या लागतात, एक आजीकडून आणि दुसरी अज्जीकडून. परीक्षेत मार्क कमी पडले की पहिला संशय शेजारी बसणाऱ्या मित्रावर.

संशय अगदीच खोटा नसतो. दरवर्षी कॉलेज सुरू झालं की महिन्याभरात दोन-चार विद्यार्थी तास संपल्यावर मागे रेंगाळतात. बाकीची मंडळी बाहेर पडल्याची खात्री करून घेतात आणि हळूच विचारतात, "सर, शेजारचा सारखा बोलतो, लक्ष लागत नाही. पण दोस्त आहे, त्याला सांगायचं कसं?" मुलींचा प्रश्न याहून अवघड असतो. ही तक्रार घरी सांगावी, तर "असल्या मैत्रिणी असतील तर पुरे झालं कॉलेज" असं उत्तर येण्याची भीती. म्हणून ती घरी बोलत नाही आणि मैत्रिणीलाही दुखवत नाही. निकालात मात्र ते दिसतं. मग शिक्षणच थांबवण्याची भाषा सुरू होते. बाकावरच्या दोन शब्दांची किंमत कधी कधी एवढी मोठी असते.

पण वर्गातलं सगळंच बोलणं सारखं नसतं, हे आधी पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनीही समजून घ्यायला हवं. आपल्या भागात मराठी माध्यमाची मुलगी आणि कन्नड माध्यमाची मुलगी एकाच बाकावर बसतात आणि शिकवणं चालतं इंग्रजीत. एखादा शब्द अडला की ती शेजारणीला विचारते. शेजारीण कन्नडमध्ये सांगते, ही मराठीत वहीत उतरवून घेते. फळ्याकडून पाहणाऱ्याला ती कुजबुज वाटते. खरं तर तिथे अभ्यासच चाललेला असतो. हे फक्त आपल्याकडेच नाही. सीमाभाग म्हटलं की आपल्याला बेळगाव-निपाणी आठवतं. पण मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, इच्छादेवीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं इच्छापूरही सीमेवरचंच. पलीकडे लगेच जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर. तिकडच्या कित्येक घरांत बोली मराठी आणि पाटीवर हिंदी. जिथे घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, तिथे शेजारी हाच पहिला शब्दकोश असतो. तो हिरावून घेऊ नये.

दुसरं बोलणं म्हणजे क्रिकेट, सिनेमा, कुणाच्या तरी लग्नातली गंमत आणि आता मोबाईल. त्याने नुकसान होतं, आणि ते बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचंही होतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली याची छान परीक्षा घेतली. एका तासाला काही विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर दुसरीच कामं करायला सांगितली. त्यांचे गुण घटले, यात नवल नाही. पण ज्यांना शेजाऱ्याचा तो पडदा नुसता दिसत होता, जे स्वतः वही-पेन घेऊन बसले होते, त्यांचे गुणही तसा पडदा न दिसणाऱ्यांपेक्षा सतरा टक्क्यांनी कमी आले. तेव्हा "मी कुठे बोलतो, तोच बोलतो" हे म्हणणं उपयोगाचं नाही. कान आणि डोळे शेजारी गेले की धडा गेलाच.

मग असा मित्र सोडूनच द्यावा का? मला तसं वाटत नाही. डेक्कन कॉलेजात १८७३ साली दाखल झालेला एक विद्यार्थी आठवा. पहिलं वर्ष त्याने अभ्यासापेक्षा व्यायामात आणि पोहण्यात घालवलं. वसतिगृहातल्या नाजूक प्रकृतीच्या सोबत्यांच्या औषधाच्या बाटल्या तो फेकून द्यायचा. मुलांनी त्याला 'डेव्हिल' म्हणजे सैतान असं नाव ठेवलं होतं. आजच्या पालकांनी अशा मुलाशेजारी आपला मुलगा बसू दिला असता का? तो विद्यार्थी म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

पुढे त्याच कॉलेजात टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची मैत्री जमली. दोघेही भयंकर बोलके आणि वादाला पक्के. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, तिथेही त्यांच्या चर्चा थांबल्या नाहीत. पण १८७९ साली त्यांच्या ज्या गप्पा रंगल्या त्या तासाला बाकाखाली चाललेल्या नव्हत्या. शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, असा तो विषय होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साथीने जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. पुढे दोघांचं बिनसलं, तो भाग वेगळा. मित्रांच्या बोलण्यातून काय उभं राहू शकतं, ते मात्र तिथे दिसलं.

याच फर्ग्युसनमध्ये आपल्या धारवाडचे द. रा. बेंद्रे शिकले आणि १९१८ साली बी.ए. झाले. घरची भाषा मराठी, कविता कन्नडमध्ये. धारवाडला परतल्यावर १९२२ मध्ये त्यांनी 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रांचा गट, जमवला. विनायक कृष्ण गोकाक आणि शं. बा. जोशी यांच्यासारखी माणसं त्यात होती. एकमेकांचं लेखन ऐकायचं, त्यावर बोलायचं, नवं वाचायचं. कन्नड साहित्यात या गटाचं नाव आजही आदराने घेतलं जातं. १९७३ साली बेंद्र्यांना ज्ञानपीठ मिळालं. संन्यासी बिघडवणारी संगत असते, तशी कवी घडवणारीही असते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, मैत्री तोडू नका, तिला वेळ नेमून द्या. सांगायचं ते तास चालू असताना सांगू नका. तिथे रागच येतो आणि आवाजही चढतो. मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर, एकटा असताना सांगा. "तू फार बडबडतोस" असं म्हटलंत तर तो भांडेल. "अरे, मला हा विषय जड जातो, तासाला मला ऐकू दे, बाकी सुट्टीत बोलू" असं म्हटलंत तर बहुतेक दोस्त ऐकतात. कन्नड बोलणारा असेल तर त्याच्याच भाषेत सांगा, "ईग ब्याड, आम्याल माताडूण." आत्ता नको, नंतर बोलू. मात्र सुट्टीत खरंच बोला. नंतर म्हणायचं आणि नंतर टाळायचं, याने मित्र दुखावतो.

एवढ्यानेही जमलं नाही तर त्या एका तासापुरती जागा बदला. सगळ्या तासांना नको. शिक्षकांना सांगावंसं वाटलं तर मित्राचं नाव न घेता "मला पुढे बसू द्या" एवढंच म्हणा, आम्हाला कळतं. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ दोघे-तिघे मिळून बसा. एकाने एक धडा समजावून सांगायचा, दुसऱ्याने शंका काढायच्या. तासाला गप्प न बसणारा मुलगा इथे हमखास चांगला शिकवतो, कारण त्याला बोलायला आवडतं.

पालकांना एकच विनंती. ज्या मित्राबद्दल तक्रार आहे त्याला एकदा घरी जेवायला बोलवा. त्याच्या घरी अभ्यासाला जागा आहे का, शिकवलेलं त्याला कळतं का, ते सहज विचारा. वर्गात सतत बोलणारी पुष्कळ मुलं धडा कळत नाही म्हणून बोलत असतात, आणि ते सांगायला त्यांना कुणी मिळालेलं नसतं. मुलीने मैत्रिणीची तक्रार केली तर तिचं कॉलेज बंद करण्याची गोष्ट काढू नका. तिने विश्वासाने सांगितलं आहे. आज तिचं ऐकून घेतलंत, तर उद्याची मोठी अडचणही ती तुम्हालाच येऊन सांगेल.