पागोळीचे पाणी
मृगाची पहिली सर कोसळताच कोकणातल्या उतारावरील घराच्या धन्याने छत्री घेऊन प्रथम आपल्या पागोळ्यांशी जाऊन उभे राहावे, असे माझे प्रांजळ मत आहे. कारण १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आषाढात तो एका दिवसात सहज पडतो, म्हणजे १०,००० लिटर पाणी अंगणात उतरते, व आगोटीपूर्वी त्याचा बंदोबस्त केलेला नसल्यास जांभ्यावरचा वीतभर मातीचा थर घेऊन ते व्हाळाकडे चालते होते. गेल्या वर्षी आमच्या अबोलीची मुळे अशीच उघडी पडली. अंगणभर सिमेंट घालण्याची मसलत गवंड्याने दिली (गवंडी दुसरे काय सांगणार!); परंतु सिमेंटात पाणी मुरत नाही, त्याचा वेग मात्र वाढतो, आणि मग खालच्या शेजाऱ्याशी कज्जा ठरलेलाच. मी पागोळीखाली चिऱ्यांच्या कपच्या पसरल्या, उताराला आडवा हातभर उंचीचा सुका गडगा रचला, आणि ज्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल उतरतात त्या वाळ्याचे ठोंब त्याच्या कडेने लावले. यंदा श्रावणात गडग्याच्या वरच्या अंगाला चार बोटे गाळ साचला असून, त्यात अळूचा एक कोंब आपण होऊन वर आला आहे.