दौलताबादचे पाणी

वैशाख तापला की लासूर स्टेशनात सावलीसुद्धा शोधून सापडत नाही. अशा दिवसांत किल्ला चढायला कोण जाईल? पण विहारातल्या आम्हा चौघींचे ठरले ते ठरलेच. सकाळची गाडी धरायची. मधे पोटूळ, त्यापुढचे स्टेशन दौलताबाद. घरच्यांनी "उन्हात मरायला चाललात का?" म्हणून पाहिले. भाकरी, ठेचा, कांदे आणि पाण्याच्या बाटल्या बांधून आम्ही निघालो.

जायचे कारणही तसेच होते. रविवारच्या वाचनात बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नुकतेच संपले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1990 मध्ये पुस्तिका म्हणून छापले. त्यातला पहिलाच प्रसंग 1901 सालचा, मसूर स्टेशनवरचा. लहानगा भीमराव, थोरला भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघालेले. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनीच बैल हाकले, गाडीवान पायी चालला. जवळ जेवणाचा डबा होता, पण पाणी कुणी देईना, म्हणून लेकरे उपाशीच झोपली. "मसूर अन् लासूर, एका अक्षराचा तर फरक," अंगणवाडीताई म्हणाली आणि हसता हसता गप्प झाली.

त्याच पुस्तिकेत दौलताबादही आहे. 1934 साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबाद, मुलूख निजामाचा. रमजान चालू होता, म्हणजे त्या वर्षी थंडीचे दिवस. गावाच्या तोंडाशी आपली माणसे चहापाण्यासाठी वाट पाहत होती. पण अंधार पडायच्या आत किल्ला बघू, चहा परतताना घेऊ, असे ठरले. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. धुळीने माखलेल्या काहींनी तिथे तोंड धुतले, पाय धुतले. लगेच मागून ओरडा झाला, हौद बाटवला म्हणून. जमाव वाढला. गावातल्या आपल्या लोकांनाही शिव्या खाव्या लागल्या. तेव्हा बाबासाहेबांनी विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? अस्पृश्य माणूस मुसलमान झाला तर त्याला या हौदावर अडवाल का? यावर कुणी बोलले नाही. अखेर आत जायची परवानगी मिळाली, ती एका अटीवर. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. ते बघायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला.

आम्ही दरवाजाशी पोचलो तेव्हा हे सगळे डोक्यात होते. आक्का खिडकीपाशी गेली आणि जरा जोरातच म्हणाली, "चार तिकिटं द्या." चार तिकिटे मिळाली. नावगाव कुणी विचारले नाही.

आत शिरल्यावर डोळ्यांत भरते ते पाण्यासाठी केलेले काम. हत्ती हौद लांबी-रुंदीला 38 मीटरच्या घरात. डोंगरातले पाणी खापरी नळांनी खाली आणलेले. यादवांची ही राजधानी, तेव्हाची देवगिरी. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे उठवून इथे आणली, नाव दौलताबाद ठेवले, आणि पुढे ती माणसे परत धाडली. चांद मिनार 200 फुटांहून उंच, तो बहामनींचा. आम्ही तो खालूनच पाहिला. खडक तासून केलेला खंदक ओलांडला की अंधारी लागते. मैत्रिणींनो, जाल तेव्हा बॅटरी न्या. वटवाघळांचा वास आणि पायाखाली काही दिसत नाही. भाजीचा गाडा लावणारी आमची चौथी मैत्रीण तिथे जी किंचाळली, ती दिवसभर पुरली.

बारादरीच्या चढावर आमच्या बाटल्या संपल्या. बारा वाजून गेलेले, दगड तव्यासारखे. सावलीत एक कुटुंब बसले होते. त्यातल्या बाईने आक्काचे तोंड पाहिले आणि न मागता बाटली पुढे केली. आक्का खाली वाकली आणि तिने दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"मावशी, घ्या ना बाटलीच," ती बाई म्हणाली. आक्काने ओंजळ सोडली नाही. शेवटी बाईने वरून पाणी ओतले, आक्का प्यायली.

मला राग आला, खरे सांगते, आणि तो आक्काचाच. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सगळ्यांत पुढे चालणारी बाई ही! वर पोचेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. बारादरीत वारा लागला तेव्हा तीच बोलली.

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते मी. बारा वर्षांची. सुकडी मिळायची. पाणी पाजायला एक बाई होती, ती आमच्या बायकांना लांब बसवून वरून ओतायची. सांडलं तर दुसऱ्यांदा देत नव्हती. एक थेंब न सांडता कसं प्यायचं ते आईनं शिकवलं." थोडे थांबून म्हणाली, "मघाशी मी काही ठरवलं नव्हतं गं. हातच पुढं झाले."

अंगणवाडीताईने तिचा हात धरला. मला काही सुचले नाही. मी आपली ठेचा-भाकरी सोडली.

उतरल्यावर रसवंतीपाशी थांबलो. घुंगरे वाजत होती. रसवाल्याने ग्लास पुढे केला, तर आक्काने तो उजेडात धरून बघितला आणि परत दिला.

"नीट धुऊन दे रे बाबा. कोण कोण तोंड लावून गेलेलं असतंय."

आम्ही इतक्या हसलो की रसवाला गोंधळलाच. त्याने ग्लास पुन्हा धुतला. आक्का दोन ग्लास प्यायली, तोंड लावून. दुसऱ्याचे पैसे मात्र तिने माझ्याकडून घेतले.