हाताचा उपचार, स्वतःचा अभ्यास

भंडारा जिल्ह्यातील करडी व आसपासचा परिसर धानाचा. रोवणीत तासन्‌तास वाकलेली पाठ, पोती उचलणारे खांदे आणि दुकानाच्या गादीवर दिवसभर मांडी घालून बसलेले गुडघे, या साऱ्यांची तक्रार अखेरीस एकच असते. तिच्यावरील नित्याचे उपायही दोनच: वेदनाशामक गोळी किंवा तेल लावून चोळणे. चोळण्याने क्षणभर आराम पडतो. गोळी मात्र दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडास अपाय करू शकते.

तिसरा मार्ग भौतिकोपचाराचा आहे. पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाची निकड भासली, तेव्हा १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने या शास्त्राचे विद्यालय सुरू झाले. या उपचारात तज्ज्ञ प्रथम सांधा तपासतो, कोणती हालचाल कोठे अडते ते पाहतो. मग आखडलेला स्नायू हातांनी सैल करतो व सांध्याला हलक्या, मोजक्या हालचाली देतो. हाड कडकन वाजले म्हणजे गुण आला, ही समजूत चुकीची आहे. ठिसूळ हाडांच्या वृद्धांना तर असे झटके घातक ठरू शकतात.

मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा जखडण्याचे प्रमाण अधिक असते. वरच्या फळीवरील डबा काढता येईना, तरी ‘हंगाम संपू द्या’ म्हणून दुखणे पुढे ढकलले जाते. गुडघ्यांचेही तेच. सामायिकासाठी ४८ मिनिटे जमिनीवर बसणे जमेनासे झाले, की ज्येष्ठांना वेदनेपेक्षा नित्यनेम बदलावा लागल्याचे दुःख अधिक होते. अशा वेळी खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही; मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम टाळण्यात मात्र तोटा आहे.

दुखण्यासोबत ताप, अकारण वजन घटणे, पायातील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी काही आढळल्यास, अथवा दुखणे पडल्यानंतर सुरू झाले असल्यास, चोळणे थांबवून प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

तज्ज्ञाचा हात वाट मोकळी करून देतो. तीवरून चालणे रुग्णाचे काम. त्याने शिकवलेला व्यायाम घरी रोज न करता केवळ उपचाराच्या फेऱ्या मोजणे, म्हणजे भांडवल घालून दुकान न उघडण्यासारखे आहे. पेढीचा जमाखर्च रोज लिहिणाऱ्या घरांना नियमाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. त्यातील थोडा वेळ शरीराच्या खात्यावर मांडावा, इतकेच.