आग्रहाचें पथ्य

यंदाच्या गुढीपाडव्यास आमच्या हातून एक अपराध घडला. घरांत तो आम्हीं केव्हांच कबूल केला आहे. परंतु ज्या घरांतून हें मासिक जातें त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं आमच्यासारखेंच कोणी वडील माणूस पंक्तीच्या शिरोभागीं बसून आग्रह करीत असेल, म्हणून तो येथेंहि सांगतों.

आमचा पुतण्या सोलापुराजवळ चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत, जिला सारेजण एमआयडीसी म्हणतात, एका कारखान्यांत पाळीनें काम करतो. वय चाळीस, वजन एकशें बत्तीस किलो, जोडीला मधुमेह आणि झोपेंत श्वास अडकण्याचा विकार. रात्रपाळीहून यावें, भरपेट जेवावें व निजावें, हा क्रम वर्षानुवर्षें चालला होता. उपास झाले, फिरणें झालें. वजन उतरे आणि व्याजासह परत चढे. शेवटीं पुण्यास शस्त्रक्रिया करण्याचें ठरलें. आम्हांस हें पटेना. तेव्हां चिरंजीवांनीं नितीन गडकरी यांचें उदाहरण पुढें केलें. त्यांनीं २०११ सालीं मुंबईस अशी शस्त्रक्रिया करून घेतली, हें सर्वश्रुतच आहे. आम्ही निरुत्तर झालों.

या शस्त्रक्रियेंत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकून केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काम दुर्बिणीनें होतें. पोटावर चारपांच लहान भोकें, एवढीच बाहेरची खूण. जखमा फारशा दुखल्या नाहींत. दुखला तो खांदा! पोट फुगविण्यासाठीं आंत भरलेला कर्बद्विप्राणिल वायु श्वासपटलास डिवचतो आणि वेदना खांद्यांत उमटते, असा खुलासा डॉक्टरांनीं केला. उपाय एकच, चालणें. त्याच संध्याकाळीं त्याला उठवून चालविलें. पायांत रक्ताची गुठळी होऊं नये हाहि त्यांत हेतु. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं खांदा निवला. मात्र घरच्या डब्यांतली वेदनाशामक गोळी आपल्या मनानें देऊं नका, अशी सक्त ताकीद मिळाली. त्यांतल्या कित्येक गोळ्यांनीं जठराला व्रण पडतात.

नंतर पथ्याचा कागद हातीं आला. प्रथम नुसतें पाणी व निवळ. मग दोन आठवडे सर्व पातळ. पुढें घोटलेलें, मग मऊ. साधें जेवण सुमारें दोन महिन्यांनीं. तो वाचतांना आम्हांस चरकाचा संसर्जनक्रम आठवला. शोधनानंतर पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनीं रोग्यास अन्नावर आणावयाचें तेथें सांगितलें आहे. तेथें मंद झालेला अग्नि जपावयाचा, येथें पिनांनीं शिवलेली जठराची कड. कारण निराळें, पायऱ्या जवळजवळ त्याच. वाग्भट मात्र येथें चालत नाहीं. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पेयास व एक वायूस ठेवावा, असें तो म्हणतो. या नव्या पोटांत एवढे भाग पडतातच कोठें? म्हणून जेवण व पाणी यांत अर्ध्या तासाचें अंतर. चिरंजीवांनीं आपोशनाचें काय, असें विचारलें. तेवढी सवलत मिळाली.

एवढें सर्व आमच्या डोळ्यांखालून गेलेलें होतें. तरी सोळाव्या दिवशीं पाडवा आला, वहिनींनीं पुरण घातलें, आणि ताटासमोर वाटीभर वरणाचें पाणी घेऊन बसलेला तो मुलगा आम्हांस पाहवेना. आम्ही म्हणालों, "अरे, सणाचा एक घास. आमच्यासाठीं." तो म्हणाला, "काका, नको." आम्हीं पुन्हां म्हटलें. वडिलांचा शब्द मोडूं नये म्हणून त्यानें पोळीचे दोन घास घेतले.

पांच मिनिटांत त्याच्या छातीच्या मधोमध कळ आली. तोंडाला पाणी सुटलें, घाम फुटला, मग उलट्या. सूनबाईंनीं डॉक्टरांना फोन लावला. तोंडानें कांहीं देऊं नका, ताप व नाडी पाहत राहा. नाडी एकशें वीसच्या वर राहिली, पोटदुखी वाढली किंवा धाप लागली तर शिवलेली कड उसवल्याची शंका घेऊन तत्काळ निघा, असें त्यांनीं सांगितलें. रात्रभर आम्ही घड्याळ हातीं घेऊन त्याच्या उशाशीं होतों. छत्तीस वर्षें मुलांना पाढे शिकविले, पण अंक मोजतांना इतकी भीति कधीं वाटली नव्हती. एकशें चार. अठ्ठ्याण्णव. पहांटे नव्वद. तेव्हां तो घोटभर पाणी प्याला व निजला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो हंसला व म्हणाला, "भूक लागतच नाहीं, काका. पण शेंगांच्या चटणीचा वास आला कीं रडूं येतें." भूक चेतविणारें एक द्रव्य मुख्यतः जठराच्या वरच्या भागांत तयार होतें, तो भाग गेल्यानें कित्येक महिने भूक मंदावते. जीभ मात्र कोणी कापलेली नसते, आणि चाळीस वर्षांच्या संवयीहि.

आतां तो कामावर रुजू झाला आहे. सूनबाई सहा लहान डब्या भरून देतात: दही, घट्ट वरण, पनीर, मऊ भात. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनें हवींत. आमच्या शाकाहारी घरांत तो आंकडा गांठावयास पांढऱ्या भुकटीचें साह्य घ्यावें लागतें. वहिनी तिला अजून 'औषध' म्हणतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर आहेत. केस गळूं लागले आहेत, ते पुन्हां येतील म्हणतात. कारखान्यांतील सोबती पेढे पुढें करतात. नको म्हणण्यास तो शिकला आहे. आम्हां वडील माणसांना नको म्हणणें त्याला अधिक अवघड गेलें, हें आम्ही विसरत नाहीं.

गेल्या रविवारीं त्यानें प्रथमच कडक भाकरी आमटींत कुसकरून, पार मऊ करून घेतली. चार चमचे असेल. आमचीं जेवणें वीस मिनिटांत आटोपलीं. पंक्तींतून आधीं उठावयाचें नाहीं, हा घरचा रिवाज. तेव्हां आम्ही सर्वजण, लहान मुलेंसुद्धां, हात वाळवीत बसून राहिलों, आणि तो एकेक घास चावीत होता. कोणीं वाढूं का, असें विचारलें नाहीं.