माहेरची बंद वाट

‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ या शब्दापासून आला. स्त्री परक्या ठिकाणीं संसार थाटते, तो आईच्या घराची वाट मोकळी आहे या भरंवशावर. ती वाट कायद्यानेंच बंद केली म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंत परवान्यावांचून राहणाऱ्या मेक्सिकन मातांच्या स्थितीवरून ध्यानांत येईल.

पूर्वीं मेक्सिकन मजूर शेतीच्या हंगामापुरते अमेरिकेंत जात आणि घरीं परतत. १९६४ च्या अखेरीस मजूर-कराराची योजना संपली. १९९३-९४ पासून सीमेवरील पहारा फार कडक झाला. वारंवार सीमा ओलांडणें जिवावरचें व खर्चाचें होऊन पुष्कळांनीं परतणेंच सोडलें, व बायकामुलेंही तिकडेच नेलीं. येणारांस अडविण्यासाठीं घातलेलें कुंपण जाणारांनाच कोंडणारें ठरलें!

१९९६ च्या कायद्यानें त्यावर कुलूप पडलें. परवान्यावांचून एक वर्ष वा अधिक काळ राहून देश सोडणारास दहा वर्षें पुन्हां प्रवेश नाहीं. मग मेक्सिकोंत आई मरणोन्मुख झाली, तर कन्येनें तिच्या अंत्यदर्शनास जावें, कीं अमेरिकेंत जन्मलेल्या मुलांजवळ राहावें? मुलगा तेथील नागरिक असला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला आईसाठीं अर्ज करतां येत नाहीं. बंदींतून सूट मागावी, तर नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या पतीचे किंवा आईबापांचे हाल जमेस धरले जातात. लेकरांचे हाल मात्र त्या हिशेबांत येत नाहींत.

माहेर तुटलें म्हणजे शेजार उरतो. मेक्सिकन समाजांत बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाची धर्ममाता झालेली स्त्री ही त्याच्या आईची ‘कोमाद्रे’, म्हणजे सहमाता, होते. परमुलखांत बाळंतपण, आजारपण, मुलांची राखण अशाच नात्यांवर निभते. पण धरपकडीच्या भयानें घराबाहेर पडणेंच कमी झालें, कीं हीं नातींही सुकूं लागतात. शाळा, इस्पितळें, देवालयें येथें धरपकड शक्यतों टाळावी असा दंडक होता. तोही सरकारनें जानेवारी २०२५ मध्यें मागें घेतला.

आपली सीमा राखण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु ज्या लेकरांना राष्ट्र आपलीं म्हणतें, त्यांनाच आईला व आजीला पारखें करणारा नियम राष्ट्राचें कोणतें हित साधतो? परदेशीं नांदणाऱ्या लेकी आपल्याही पुष्कळ घरांत आहेत. त्या सुटींत माहेरीं येतात व निर्वेधपणें परत जातात. ही साधी गोष्ट किती मोलाची आहे, याचा सुज्ञ वाचकांनीं विचार करावा.