भुवयांचा घरगुती बंदोबस्त

नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या, कापड दुकानाच्या काउंटरवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या किंवा एखाद्या कचेरीच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या तरुण मुलीकडून आज ज्या अलिखित अपेक्षा बाळगल्या जातात, त्यांमध्ये तिने ‘आयब्रो केलेल्या असणे’ ही अपेक्षा इतक्या सहजपणे सामील झाली आहे की, या शिरस्त्याचा खर्च कोणाच्या पगारातून वजा होतो, याची विचारपूस करण्याची कोणाला गरज वाटत नाही. दर खेपेस पन्नास रुपये आणि तीन आठवड्यांनी एक खेप, असा मामुली हिशेब धरला तरी वर्षाकाठी साडेआठशे रुपये होतात. घरात दोन बहिणी असतील तर रक्कम दुप्पट होते, आणि ज्या घरात महिनाअखेरीस गॅस सिलिंडरची तजवीज करताना ओढाताण होते, तेथे ही रक्कम क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. उलट पोलादी चिमटा आणि लहान, टोकदार, धारेची कात्री या दोन वस्तू दोनशे रुपयांच्या आत येतात आणि निगा राखल्यास कित्येक वर्षे टिकतात.

नीटनेटकेपणाला माझी हरकत नाही. भुवईचे केस एकमेकांत गुंतून डोळ्यांवर येत असतील, किंवा दोन्ही भुवया नाकाच्या मुळाशी जुळल्या असल्यामुळे एखाद्या मुलीला वर्गात टोमणे ऐकावे लागत असतील, तर त्यांची व्यवस्था लावण्याची मुभा तिला असलीच पाहिजे, आणि ‘शिकायच्या वयात ही थेरं कशाला’ असे म्हणून तिला गप्प करणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ही व्यवस्था बहुतांशी घरच्या घरी, खिडकीच्या उजेडात आणि अल्प खर्चात होण्यासारखी आहे. तिला हस्तकौशल्यापेक्षा संयम अधिक लागतो, आणि नेमका तो संयम न शिकवता केवळ फॅशनचे फर्मान शिकवले गेल्यामुळे पुष्कळ स्त्रियांच्या भुवयांची कायमची हानी झाली आहे.

भुवई म्हणजे चेहऱ्यावरची शोभेची रेघ नव्हे. कपाळावरून ओघळणारा घाम आणि पावसाचे पाणी डोळ्यांत जाऊ न देता बाजूला वळवणे हे तिचे शारीरिक कार्य झालेच; परंतु भरतमुनींनी नाट्यशास्त्रात उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज अशी भुवयांची सात कर्मे सांगितली आहेत, ती मनातील भाव प्रकट करण्याचे या लहानशा अवयवाचे सामर्थ्य त्यांनी ओळखले होते म्हणूनच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले, 2003 साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. नामांकित व्यक्तींच्या छायाचित्रांतून कधी डोळे तर कधी भुवया पुसून टाकून ती लोकांना दाखवली असता, डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे ओळखणे लोकांना अधिक कठीण गेले. ज्या अवयवावर आपली ओळख इतकी अवलंबून असते, तो दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्याच्या मापाने कोरून घेणे म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याचा एक अंश गमावणेच होय.

फॅशन बदलते, केसाचे मूळ मात्र तिच्या लहरीप्रमाणे बदलत नाही. गेल्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या वर्षांत हॉलिवूडच्या नायिकांनी भुवया जवळजवळ नाहीशा करून त्यांच्या जागी पेन्सिलीची बारीक रेघ ओढण्याचा प्रघात पाडला. नव्वदीच्या दशकात तीच बारीक भुवई पुन्हा अवतरली आणि आपल्याकडील शहरांतून, तालुक्यांतून ती सर्रास कोरली गेली. आणि आता दाट, रुंद भुवईचा अंमल सुरू झाला आहे. याचा परिणाम असा झाला आहे की, ज्या स्त्रियांनी तरुणपणी पैसे देऊन केस काढून घेतले, त्यांतील काहीजणी आज मायक्रोब्लेडिंगसाठी हजारो रुपये मोजून त्याच जागी कातडीत रंगाच्या रेघा भरून घेत आहेत, आणि त्या रेघाही वर्षा-दोन वर्षांत फिकट होतात. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ डोक्यावरील केसाच्या मानाने फार थोडा, महिना-दोन महिन्यांचा असतो, म्हणूनच तो आखूड राहतो. उपटलेला केस पूर्ववत दिसण्यास कित्येक महिने लागू शकतात, आणि एकाच मुळातून वर्षानुवर्षे वारंवार केस उपटला गेला तर ते मूळ निकामी होऊन केस पुन्हा न येण्याचा संभव असतो. ही एवढी माहिती प्रत्येक मुलीला पहिला चिमटा हातात घेण्यापूर्वी मिळाली पाहिजे.

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा, एक टेकायची खुर्ची आणि दोऱ्याचे रीळ एवढ्या भांडवलावर पार्लर चालवणाऱ्या बायांच्या पोटावर पाय आणण्याचा माझा हेतू नाही. बचत गटातून कर्ज काढून, जनशिक्षण संस्थानात किंवा आयटीआयमध्ये प्रशिक्षण घेऊन त्यांनी हा व्यवसाय उभा केलेला असतो. दोऱ्याचे एक टोक दातांत धरून, दोन्ही हातांच्या बोटांवर त्याचा पीळ सरकवत एका ओळीतील केस क्षणार्धात उचलणारी ती कारागिरी घरी सहजासहजी साधत नाही, आणि आरशात पाहून स्वतःच्या भुवयांवर दोरा चालवण्याच्या भरीस कोणी पडूही नये. माझी सूचना अशी की, वर्षातून दोन-तीनदा, लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर, जाणत्या हाताकडून आकार लावून घ्यावा, आणि मधल्या काळात तो आकार घरी सांभाळावा. मात्र पार्लरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा दोरा घेतला जातो की नाही, हे पाहण्याचा आणि तो दातांऐवजी मानेभोवती अडकवण्यास सांगण्याचा हक्क गिऱ्हाइकाने संकोच न करता बजावावा. थ्रेडिंगनंतर भुवईच्या जागी चामखिळी उठल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आहेत.

आता घरच्या कृतीविषयी. वेळ सकाळची, अंघोळीनंतरची असावी, कारण कोमट पाण्याने कातडी सैल झालेली असते आणि वेदना कमी होते. जागा खिडकीजवळची असावी, आणि आरसा साधा असावा. मोठे करून दाखवणारा भिंगाचा आरसा कटाक्षाने टाळावा, कारण त्यात प्रत्येक बारीक लव केसासारखी दिसू लागते आणि हात थांबत नाही. चिमट्याची टोके स्पिरिटने पुसावीत किंवा पाण्यात उकळून घ्यावीत. त्यानंतर जुना, स्वच्छ धुतलेला मऊ टूथब्रश घेऊन भुवईचे केस वरच्या दिशेने विंचरावेत. पुष्कळदा या क्षणीच उलगडा होतो की भुवई ‘वाढलेली’ नसून केवळ विस्कटलेली होती, आणि वरच्या कडेबाहेर आलेली चार-सहा केसांची लांबलेली टोके कात्रीने छाटली की काम संपले. ही छाटणी कात्री आडवी धरून एका झटक्यात करू नये. एकेक केस वेगळा करून फक्त त्याचे टोक कापावे, म्हणजे मध्येच खाच पडत नाही.

आकाराची मर्यादा ठरवण्यासाठी घरातली शिसपेन्सिल पुरेशी असते. ती नाकपुडीच्या कडेला टेकवून सरळ उभी धरली असता जेथे भुवईला लागते, तेथून भुवई सुरू व्हावी. तीच पेन्सिल नाकपुडीवरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरपी केली की जेथे लागते, तेथे ती संपावी. आणि नजर समोर ठेवून नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून जाणारी रेषा जेथे भुवईला मिळते, तेथे कमान सर्वांत उंच असावी. या तीन ठिकाणी काजळाचे बारीक ठिपके द्यावेत. मग ठिपक्यांबाहेरचे, दोन भुवयांच्या मधले आणि कमानीखाली पापणीवर विखुरलेले केस तेवढे काढावेत. एका हाताने कातडी ताणून धरावी, चिमट्याने केस मुळाजवळ पकडावा आणि तो ज्या दिशेने वाढला आहे त्याच दिशेने ओढावा. भांगलणीला गेलेली बाई जशी पिकाच्या रोपाला धक्का न लावता नेमके तणच उचलते, तशी नजर येथे हवी. भुवईच्या वरच्या कडेला चिमटा लावूच नये. एका बाजूचे दोन केस काढले की दुसऱ्या बाजूचे दोन काढावेत, आणि दर थोड्या वेळाने आरशापासून दोन पावले मागे सरून पाहावे. दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या कोणाच्याच नसतात. त्या सारख्या करण्याच्या हट्टापायी एकदा डावी, एकदा उजवी असे करता करता दोन्ही संपुष्टात येतात.

काम झाल्यावर थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल थोडा वेळ ठेवावा. कोरफड लावायची असल्यास पान कापून उभे ठेवावे, त्यातील पिवळा चीक निथळू द्यावा आणि मग आतला पारदर्शक गर घ्यावा, कारण त्या चिकाने पुष्कळांच्या कातडीची आग होते. हाच गर बोटाच्या टोकावर किंचित घेऊन भुवईवरून फिरवला तर राठ केसही काही तास जागेवर बसतात. सध्या ग्लिसरीनचा साबण लावून केस चिकटवण्याची टूम निघाली आहे. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत घामाबरोबर तो साबण डोळ्यांत उतरतो, तेव्हा तिच्या नादी न लागलेले बरे.

लोकसमजुतींपैकी एरंडेल तेलाने भुवया दाट होतात, या समजुतीला भरवशाचा पुरावा नाही. तेल घट्ट असल्याने केस चपटे बसतात व चकाकतात, आणि म्हणून ते दाट भासतात, इतकेच. ब्लेड लावल्याने केस जाड येतात, हाही गैरसमज आहे; शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 सालीच तो तपासून खोडून काढला. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ लागतो. मात्र पांढऱ्या झालेल्या भुवयांना डोक्याचा कलप किंवा काळी मेंदी लावण्याचा मोह कोणीही, विशेषतः पुरुषांनी, धरू नये. केसांच्या डायच्या वेष्टनावर, हे द्रव्य पापण्यांना वा भुवयांना लावल्यास अंधत्व येऊ शकते, अशी सूचना कायद्याने छापलेली असते. ती बारीक अक्षरात असते आणि ती वाचली जात नाही, हे मोठे दुर्दैव आहे. वय झालेल्या पुरुषांच्या भुवयांतून जे लांबलचक केस बाहेर डोकावू लागतात, त्यांच्यावर इलाज अगदी सोपा आहे: दाढी-कटिंगला गेल्यावर न्हाव्याला दोन शब्द सांगावेत, बहुधा तो त्याचे वेगळे पैसेही घेत नाही.

काटकसरीच्या या साऱ्या विचाराला एक अपवाद आहे, आणि तो मी महत्त्वाचा मानतो. ज्यांना कोड आहे, त्यांनी केस उपटण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण कातडीला इजा झालेल्या जागी नवा डाग उमटू शकतो. भुवईचा बाहेरचा एक तृतीयांश भाग आपोआप विरळ होत असेल आणि सोबत थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. भुवया झडत असतील आणि अंगावर कोठे बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची शंका घेण्यास लाजू नये. ज्या महाराष्ट्रात कुष्ठरुग्णांसाठी बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले, तेथेही या रोगाचे नाव उच्चारण्याच्या भीतीने माणसे पेन्सिलीने भुवया रंगवून दिवस काढतात, याचे मला फार वाईट वाटते. या रोगावरील बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो, तो वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो आणि हातापायांची विकृती टळते. अशा वेळी पेन्सिल आणि चिमटा दोन्ही बाजूला ठेवून, प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढावा आणि झडलेली भुवई तशीच, न रंगवता, डॉक्टरांना दाखवावी.