मासे मोजले, आम्हाला नाही मोजलं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या घाटावर एका विद्यापीठाची मंडळी आली. एक साहेब, चार पोरं, तराजू, फूटपट्टी आणि छापील फॉर्मचा गठ्ठा. मत्स्यव्यवसायाचा अभ्यास करायचा आहे म्हणाले. आम्ही नाही म्हटलं नाही. भाकर खाऊ घातली, होडी दिली, डोह दाखवले. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, पहिल्या पुराला कुठे चढतो, सगळं सांगितलं. त्यांनी मासे मोजले, वजन केलं, बाटलीत भरले.

मग फॉर्म काढला. मुख्य धंदा काय? आम्ही म्हणालो, शेती. मासे कोणत्या बाजारात विकता? विकत नाही, खातो. पाहुणा आला तर त्याला घालतो, जास्त मिळाले तर शेजारी देतो. साहेबांनी त्या रकान्यावर रेघ मारली. झालं! आम्ही मच्छीमार नाही.

भावांनो, बहिणींनो, ही रेघ छोटी नाही. जमिनीच्या बाबतीत हेच झालं. बापजाद्यांपासून कसत असलेल्या जमिनीचा सातबारा नाही, म्हणून आम्ही अतिक्रमणदार. आता पाण्यातही तेच. बाजारात आवक नाही म्हणून मासा नाही, मासा नाही म्हणून नुकसान नाही, नुकसान नाही म्हणून भरपाई नाही. आणि उद्या जलाशय भरला की हाच कागद दाखवून म्हणतील, इथं मच्छीमार कोणी नव्हतेच, ठेका बाहेरच्याला देऊ.

नदीच्या मुखाशी राहणाऱ्यांची गत वेगळी नाही. पाला, ज्याला बंगाली लोक हिलसा म्हणतात, हा मासा राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात नदी चढून गोड्या पाण्यात अंडी घालतो. भरूचच्या खाडीतले मासेमार त्याच्यावर जगतात. वर पाणी अडलं तर खाली गोडं पाणी कमी, खारं पाणी आत, मग पाला चढणार कुठे? हे कळायला डिग्री लागत नाही. आणि डिग्रीवाल्यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. बंगालात गंगेवर फराक्काचा बंधारा १९७५ साली सुरू झाला. त्याआधी पाला अलाहाबादपर्यंत चढायचा. नंतर वरच्या गंगेत तो दिसेनासा होत गेला. हे आम्ही सांगत नाही, बराकपूरच्या सरकारी मासे संशोधन संस्थेनेच नोंदवलं आहे. मग फराक्काचा धडा नर्मदेला का लावला नाही? सरदार सरोवराला पर्यावरणाची मंजुरी १९८७ ला दिली, तेव्हा कितीतरी अभ्यास पुरे व्हायचे होते. १९९२ साली जागतिक बँकेच्याच मोर्स समितीने सांगितलं की धरणाच्या खालच्या भागावर काय परिणाम होईल, याचा नीट अभ्यास झालेला नाही. आधी भिंत, मग अभ्यास. आधी गळा दाबायचा, मग नाडी बघायची!

काही शिकलेले लोक म्हणतात, आदिवासी शेतकरी आहे, त्याला जलाशयातली मासेमारी जमणार नाही. त्यांनी तवाची गोष्ट ऐकावी. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात तवा धरणाने ४४ गावं उठवली. कोरकू, गोंड, सगळे शेतीवाले. जमीन गेली तेव्हा पाण्यावर उतरले, जाळं टाकायला शिकले. पण पाणी ठेकेदाराचं झालं होतं. आपल्याच बुडालेल्या शेतावरचा मासा धरला तर चोर! लोक लढले आणि १९९६ च्या शेवटी पाच वर्षांसाठी जलाशय त्यांच्या सहकारी संघाच्या हाती आला. संघाने मासे धरले, विकले, बीज सोडलं आणि पावसाळ्यात अंडी घालायच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवली. बरगीत १६२ गावं बाधित झाली. तिथल्या लोकांनीही १९९४ साली असाच हक्क मिळवला. ज्यांना फॉर्ममध्ये मच्छीमार म्हटलं नसतं, त्यांनीच हे करून दाखवलं.

आम्ही अभ्यासाच्या विरोधात नाही. जाळ्याचा डोळा किती मोठा असावा, कोणता मासा कमी होतोय, बंदी कोणत्या दिवसांत पाळावी, हे कळलं तर आम्हालाच पाहिजे. आमच्यातलेही सुरुंग लावून डोह मारतात. ते बंद झालं पाहिजे, हे आम्ही गावात उघड बोलतो. पण जो अभ्यास आमचं ज्ञान घेऊन जातो आणि आमचंच नाव खोडतो, तो अभ्यास नाही, ती मोजणी आहे. तलाठ्याची साखळी तशी साहेबाची फूटपट्टी.

म्हणून आमचं म्हणणं असं:

१. ग्रामसभेला विचारल्याशिवाय गावात कुठलाही सर्व्हे होणार नाही. डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा आमच्या रूढी आणि सामूहिक साधनं सांभाळायची आमची रीत मानतो, अनुसूचित क्षेत्रातले लहान पाणीसाठे पंचायतीकडे देतो. विद्यापीठानेही तो मानावा.

२. घरी खाल्लेला मासा लिहा. बायकांनी नाल्यात धरलेला, पोरांनी गळाला लावलेला, शेजारी वाटलेला, सगळा लिहा.

३. अहवाल मराठीत करा, गावात येऊन वाचून दाखवा, एक प्रत गावात ठेवा. चूक असेल तर आम्ही तिथंच सांगू.

४. जमीन बुडाली तर त्यावरच्या पाण्यातला मासा बुडितांच्या संस्थेचा. ठेका नाही, लिलाव नाही.

आणि एक काम आपलं. साहेबांच्या फॉर्मची वाट कशाला बघायची? प्रत्येक पाड्यात एक वही घाला. तारीख, जागा, माशाचं आपल्या बोलीतलं नाव, कोणी धरला, किती, खाल्ला की वाटला. पोरांना लिहिता येतं, म्हाताऱ्यांना नावं येतात. दोघांनी मिळून बसावं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा अशी वही भरली तर पुढच्या वेळी जीप आली की आपण म्हणू, बसा साहेब, आधी आमची वही वाचा.

१९९५ साली भिंत ८० मीटरवर अडली होती, ती लोक लढले म्हणून, कोर्टात आणि घाटावर. मासेही तसेच वाचतील.

आमू आखा एक छे!